भिंतीला भिणाऱ्या साळवे मॅडम

साळवे मॅडम कोणाच्याही घरात शिरल्या की माणसांकडे नंतर बघायच्या, आधी छताकडे. घरची बाई "या, बसा" म्हणत सोफ्याकडे हात करायची, आणि मॅडम उंबऱ्यातच मान वर करून उभ्या. पंख्याभोवती नजर फिरवायच्या, चारही कोपरे बघायच्या आणि मग दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या. दाराजवळ खुर्ची नसली तर उभ्याच राहायच्या. एक पाय दाराबाहेर ठेवून चहा पिताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलंय. लोकांना वाटायचं, बाई भारी घाईत दिसतात. घाई नव्हती. त्या घाबरलेल्या असायच्या.

माझं काम गळती बुजवायचं. नगरला सावेडी, केडगाव, भिंगार या भागांत इमारतींचं वॉटरप्रूफिंग मी बरीच वर्षं करतोय. पूर्वी आमची रीत साधी होती. भिंतीला ओल आली की अंदाजाने फरशी फोडायची, पाणी सापडलं तर ठीक, नाही तर शेजारची फोडायची. साळवे मॅडम आल्या आणि ही फोडाफोड बरीच थांबली. त्या सिव्हिल इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून नगरला आलेल्या, एकट्या राहायच्या, आणि त्यांच्याकडे थर्मल कॅमेरा होता. त्या गळती शोधायच्या, मी बुजवायचो.

हा कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही, हे त्या प्रत्येक घरात आधी सांगायच्या. भिंत वरून कुठं गार आहे, कुठं गरम, एवढंच तो दाखवतो. आत पाणी मुरत असलं की तेवढी जागा गार पडते आणि पडद्यावर निळी दिसते. मग तिथं ओल मोजायचं यंत्र टेकवून खात्री करायची. डोळ्यांना भिंत कोरडी, दिवाळीला रंग दिलेली, वर गणपतीचं कॅलेंडर. आणि पडद्यावर त्याच कॅलेंडरमागून एक निळी जीभ खाली उतरलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, "मॅडम, हे तर भुताटकीसारखं आहे."

"भूत परवडलं, सलीमभाऊ," त्या म्हणाल्या. "भूत सळई गंजवत नाही."

त्यांच्या भीतीचे नियम होते. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही. रस्त्याने जाताना सज्ज्याखालून चालायचं नाही, उन्हातून चालायचं. हॉटेलात भिंतीला पाठ लावायची नाही. आणि कुठल्याही घरात धोका वाटला की एकच वाक्य, "आधी बाहेर, मग वाद." हे वाक्य त्या इतक्या हळू आवाजात म्हणायच्या की समोरचा हमखास "काय?" असं विचारायचा. माणूस घाबरला की ओरडतो, मॅडमचा आवाज मात्र खाली खाली जायचा. आणि बोली बदलायची. एरवी अगदी शुद्ध पुणेरी. भीती वाढली की कोपरगावकडचं लहानपण तोंडात यायचं. "बाहेर"चं "भाईर" झालं की मी हातातली हातोडी खाली ठेवायचो.

एवढं भिण्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, औरंगाबाद रोडला एका टपरीवर, चहा गार होईपर्यंत. वडील साखर कारखान्यात कामगार, राहायला जुनी चाळ. शेजारची मावशी रोज छोट्या मॅडमची वेणी घालायची. छताला मोठा फुगवटा आला होता, तो सगळ्यांना माहीत होता. मावशीने त्याखाली पातेलं ठेवलं होतं. एका सकाळी ही पोर रिबीन आणायला उठली आणि मागे गिलाव्याचा लादा पडला. मावशी वाचली, पण नंतर तिला कोणाचंच नाव आठवेना. "ती माझ्याकडे बघून हसायची फक्त," मॅडम म्हणाल्या. "कंगवा हातात घेऊन."

मग तो गार चहा एका घोटात संपवून त्या उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

भित्रा माणूस चुकतोही. केडगावला एका घरी लग्न होतं, हळदीचा दिवस. घरमालकाला बेडरूमच्या भिंतीबद्दल शंका होती म्हणून पाहुण्यांच्या गर्दीतच आम्हाला बोलावलं होतं. मॅडमनी कॅमेरा धरला आणि अख्खी भिंत निळी. बीमपर्यंत निळी. ओल मोजायचं यंत्र पिशवीतच राहिलं. मॅडम कुजबुजल्या, "समद्यांना भाईर काढा."

सगळे बाहेर. हळद लावलेली नवरी, तिच्या मावश्या, आत्या, आचारी, सगळे एप्रिलच्या उन्हात रस्त्यावर. नवरीची आई रडायला लागली. तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमधले आजोबा बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "काय झालं? मी कूलर बंद करू का? आवाज होतोय का?"

त्यांचा कूलर त्याच भिंतीला लावलेला होता, पलीकडून. भिंत गार पडली होती, ओली नव्हती.

लोक हसले, काही चिडले. "नवरीला उन्हात उभी करणारी बाई" हे नाव त्या दिवशी पडलं आणि नगरसारख्या गावात नाव पडलं की ते आपल्याआधी सगळीकडे पोचतं. मॅडमनी नवरीच्या आईची हात जोडून माफी मागितली. परतताना मोटरसायकलवर मागून म्हणाल्या, "सलीमभाऊ, मी चुकले ना, याचं मला इतकं बरं वाटतंय. हे कोणाला सांगू नका."

भिंगारची गोष्ट वेगळी. तिथं एका फ्लॅटच्या न्हाणीघरात वरून पाणी ठिबकत होतं. वरचा फ्लॅट कित्येक महिने बंद. मालक बाहेरगावी, किल्ली समोरच्या काकूंकडे. काकू किल्ली द्यायला फार कुरकुरल्या, पण शेवटी दिली. आम्ही दार उघडलं. दुपार होती तरी पडदे ओढलेले, मीटर बंद, आत अंधार आणि कोंदट वास. मॅडमनी कॅमेरा चालू करून जमिनीवर धरला आणि माझी बाही घट्ट पकडली.

पडद्यावर निळसर फरशी होती आणि तिच्यावर पावलं. केशरी, अनवाणी पावलं. हॉलच्या मधून निघून आतल्या खोलीकडे गेलेली. आम्ही बघत असतानाच पहिलं पाऊल विझलं, मग दुसरं.

"कोनीतरी आत्ता चालत गेलंय," मॅडम म्हणाल्या.

मला पळावंसं वाटलं, खरं सांगतो. पण मॅडम पावलांमागून निघाल्या, बाही सोडली नाही, म्हणून मलाही जावं लागलं. शेवटचं पाऊल न्हाणीघराच्या दाराशी होतं. मॅडमनी दार ढकललं. आत कोपऱ्यात एक बाई अंग चोरून बसली होती. तोंडावर दोन्ही हात. तिच्या कपाळावर जुनी जखम होती.

"त्येंनी पाठवलं का तुमाला?" तिने विचारलं. "मी न्हाई जायची. मारून टाका, पर मी न्हाई जायची."

लता तिचं नाव. काकूंकडे भांडी घासायची. नवरा मारायचा, एकदा विळा घेऊन मागे लागला, तेव्हापासून काकूंनी तिला इथं लपवलं होतं. शेजारपाजारच्यांना कळू नये म्हणून ती दिवा लावत नव्हती, आणि नळ बारीक सोडून अंघोळ करत होती. मोरीच्या जाळीखालचा सांधा फुटलेला, तेच पाणी खाली जात होतं.

मॅडम तिच्यासमोर ओल्या फरशीवरच बसल्या. म्हणाल्या, "भिऊ नकोस असं मी म्हणणार नाही. भी. मी पण भिते. पण आधी जेव काहीतरी."

खालच्यांना मॅडमनी एवढंच सांगितलं की सांधा खराब आहे, आजच दुरुस्त होईल. ते खरंच होतं. मी सांधा बदलला. लता संध्याकाळी मॅडमबरोबर त्यांच्या घरी गेली आणि बरेच दिवस तिथं राहिली. पुढे राहुरीकडे भावाकडे गेली. मॅडमच्या घरातल्या जेवणाची चव त्या दिवसांत सुधारली होती, हेही सांगायला हवं.

आता सावेडीची गोष्ट.

जुनी तीन मजली इमारत. तळमजल्याच्या हॉलमध्ये बायकांचा शिवणकामाचा क्लास चालायचा. कुबट वास येतो, कापडाला बुरशी धरते, एवढीच त्यांची तक्रार. क्लास चालवणाऱ्या देशमुखबाई मोठ्या हौशी. त्यांनी हॉलला पीओपीचं खोटं छत करून घेतलं होतं, मध्ये नक्षी, कडेला दिवे. पावसाळ्याचे दिवस, सकाळची वेळ. मशिनी चालू, बायका बोलतायत, हसतायत. मॅडम दारातून वर बघत होत्या. छत पांढरंशुभ्र.

त्यांनी कॅमेरा वर धरला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. हॉलच्या मधला सगळा भाग गडद निळा होता.

या वेळी मॅडमनी घाई केली नाही. कूलर आहे का, एसी आहे का, पंख्याचा वारा लागतोय का, सगळं विचारलं. नव्हतं. मी शिडी लावून कडेचा एक दिवा काढला आणि त्या भोकातून टॉर्च मारला. वरच्या खऱ्या स्लॅबचं सिमेंट मधोमध सुटलं होतं. गंजून फुगलेल्या सळया उघड्या, आणि स्लॅबला खाली पोट आलेलं. पीओपीवर पाणी साचलं होतं. मी खाली उतरून मॅडमना सांगितलं.

"देशमुखबाई," मॅडम म्हणाल्या, "आधी बाहेर, मग वाद."

देशमुखबाईंनी चष्मा वर केला. "तुम्हीच ना त्या कूलरवाल्या? त्या लग्नात मी होते. नवरी चक्कर येऊन पडायची बाकी होती."

बायका हसल्या. एकीने तर मशीन थांबवलंही नाही.

मॅडमचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता या निघून जातील. त्या निघाल्या, पण आत. हॉलच्या मधोमध, त्या निळ्या भागाच्या खाली, रिकाम्या स्टुलावर जाऊन बसल्या. ज्या बाईला मी कधी सज्ज्याखाली उभी राहिलेली पाहिलं नाही, ती. हात मांडीवर, डोळे मिटलेले, आणि सगळं अंग कापत होतं. दात वाजत होते, ते ऐकू येत होते.

"तुमी समद्या भाईर गेल्याबिगर मी उठत न्हाई," त्या म्हणाल्या.

मशिनी एकेक करून थांबल्या. असं कापणं कोणाला खोटं आणता येत नाही. आधी एक पोक्त बाई उठली, तिने शेजारणीला ओढलं, मग सगळ्याच चपला शोधत बाहेर. देशमुखबाई शेवटी आल्या, पुटपुटत. मॅडम बाहेर आल्या आणि तशाच जिना चढायला लागल्या. मी म्हणालो, "मॅडम, वर कुठं?"

"हे छत म्हणजे वरच्यांची जमीन, सलीमभाऊ."

पहिल्या मजल्यावर त्या घरच्या सुनेने दार उघडलं. मागे मोठी खोली, आणि खोलीच्या मधोमध, पंख्याखाली, पलंगावर एक आजी. कंबरेपासून खाली हलता न येणाऱ्या. भिंतीला लागूनच न्हाणीघर. फरशी चकचकीत, त्यांना कशाचा पत्ता नव्हता. सगळं पाणी खाली जात होतं. सुनेला दोन वाक्यांत सांगितलं. ती किंचाळणार होती, मॅडमनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

मी आत पाऊल टाकलं तर मला अडवलं. "तुम्ही जड आहात. दारातच थांबा." मग सुनेला, "भिंतीकडेनं ये. मध्ये पाय देऊ नको." दोघी भिंतीला चिकटून सरकत पलंगाच्या रेषेत गेल्या. भिंतीपासून पलंगापर्यंत थोडीच फरशी होती, पण तीच ती फरशी. मॅडम तिथं थांबल्या. एक पाय उचलला, परत ठेवला. त्यांच्याच्याने होईना. मी दारात चौकट धरून उभा. ओरडावं तर आजी घाबरतील, गप्प राहावं तर मॅडमचं पाऊल उठेना.

आजींनी मान वळवली. "ये की गं पोरी. लाजतीस कशापायी?"

"आले, आजी," मॅडम म्हणाल्या, आणि गेल्या.

दोघींनी आजींना गोधडीसकट उचलून खाली घेतलं आणि गोधडी ओढत भिंतीपर्यंत आणली, मग भिंतीकडेने दारापर्यंत. आजी म्हणत होत्या, "मला कुठं न्हेता? माजा चष्मा ऱ्हायला." दारात आल्यावर मी त्यांना पाठुंगळी घेतलं. मॅडमनी वरच्या मजल्यांवरची दारं वाजवली. थोड्या वेळात अख्खी इमारत समोरच्या पत्र्याच्या शेडखाली उभी होती, पाऊस भुरभुरत होता. मी फायर ब्रिगेडला आणि टेकूवाल्याला फोन केले.

आणि काहीच झालं नाही.

बराच वेळ काहीच झालं नाही. आजींचा मुलगा कामावरून धावत आला, आईला शेडखाली भिजलेली बघून त्याचं डोकं फिरलं. "कोण ही बाई? कोणी अधिकार दिला हिला?" बायकांतही कुजबुज सुरू झाली. एकीला तिची पर्स आणायची होती. मॅडम गेटमध्ये हात आडवे करून उभ्या राहिल्या. मुलगा अगदी त्यांच्या तोंडाजवळ येऊन बोलत होता. मॅडम ऐकत नव्हत्या. त्यांचा चेहरा मला दिसत होता. पडेल याचीही भीती, आणि पडणार नाही याचीही.

आवाज फार मोठा झाला नाही. ट्रकमधून एकदम वाळू ओतावी तसा. मग हॉलच्या खिडक्यांतून पांढरी धूळ बाहेर आली आणि पावसात खाली बसली. मुलगा वळून बघत होता. खिडकीतून दिसत होतं, मशिनींवर सिमेंटचा ढीग होता आणि त्या ढिगात आजींचा पलंग पाय वर करून पडला होता.

तो मुलगा मॅडमच्या पाया पडायला वाकला तर मॅडम मागे सरकल्या. गटारीच्या कडेला जाऊन त्यांना उलटी झाली. देशमुखबाईंनी त्यांची पाठ चोळली, पदराने तोंड पुसलं. मी रिक्षा बोलावली. त्यात त्या बसल्या नाहीत. पावसातून, रस्त्याच्या मधून, चालत घरी गेल्या.

त्यानंतर त्यांचं काम सुटलं. लोक उलट आता मानाने बोलवायला लागले होते, आमदाराच्या माणसाचाही फोन आला, सत्काराचं चाललं होतं. पण मॅडम कॅमेरा हातात धरायच्या आणि हात इतका हलायचा की पडद्यावर नुसते रंग फिरायचे. एकदा म्हणाल्या, "आधी मला वाटायचं, पडेल. आता मला माहीत आहे." काही दिवसांनी कॅमेरा माझ्याकडे दिला आणि कोपरगावला आईकडे गेल्या.

सावेडीच्या त्या इमारतीचा स्लॅब नव्याने घातला, गळतीचं काम मीच केलं. लोक राहायला परत आले, क्लास सुरू झाला. हे सांगायला मी गेल्या हिवाळ्यात कोपरगावला गेलो. गाळपाचा हंगाम होता, रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. मॅडम एका शाळेत गणित शिकवायला लागल्या होत्या. चेहरा भरला होता. अंगणातच खुर्च्या टाकल्या, त्यांच्या आईने गूळ-शेंगदाणे दिले. मी इमारतीचं सगळं सांगितलं. त्या मान डोलावत होत्या. निघताना मला गेटपर्यंत, मग रस्त्यापर्यंत सोडायला आल्या, आणि खूप वेळ मनात असलेलं विचारावं तसं विचारलं, "त्या आजी कशा आहेत?"

मी सांगितलं, आजी गेल्या. दिवाळीनंतर, लेकीच्या घरी.

मॅडमनी माझा हात धरला. "कशाने?"

"कशाने नाही. दुपारी जेवल्या, पडल्या, झोपेत गेल्या. लेक शेजारी भाजी निवडत बसली होती, तिला कळलंसुद्धा नाही."

"झोपेत?"

"झोपेत."

"आवाज नाही, काही नाही?"

"काही नाही, मॅडम."

त्यांनी हात सोडला. मी मोटरसायकल चालू केली, थोडं पुढे गेलो आणि आरशात पाहिलं. मॅडम रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. मागून दोन ट्रॉल्या ऊस लादलेला ट्रॅक्टर येऊन थांबला होता, ड्रायव्हर कर्कश हॉर्न वाजवत होता, ओरडत होता. त्या हलत नव्हत्या. चेहऱ्यावर ऊन होतं आणि त्या हसत होत्या.